स्वादुपिंडाचा कॅन्सर: उपचार चालू असताना आम्ही दोघांनी काय काय केलं

आभाळवेडी

माझ्या व्हिपल शस्त्रक्रियेला या महिन्यात चौदा महिने झाले. मागच्या आठवड्यातला स्कॅन स्वच्छ आला, पुढचा तीन महिन्यांनी. मधल्या काळात या फोरमवरच्या दोघीतिघींनी मेसेज करून एकच विचारलं: घरच्या माणसाने नेमकं करायचं काय? प्रत्येकीला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मला दुखलं कुठेच नव्हतं. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरलं होतं आणि भेटेल तो ‘छान बारीक झालीस’ म्हणत होता. त्याच सुमारास रक्तात साखर निघाली, घरात कुणालाच मधुमेह नसताना. पन्नाशीनंतर, वजन उतरत असताना नव्याने निघालेली साखर कधीकधी स्वादुपिंडातल्या गाठीची पहिली खूण असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एका सकाळी खिडकीशी वाचत बसले होते. नवरा समोरून जाता जाता थांबला. म्हणाला, “जरा वर बघ. इकडे, उजेडाकडे.” डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. लघवी आठवडाभर गडद होत होती, शौचाचा रंग फिका पडला होता, रात्री तळपायांना खाज सुटायची. मला हे सगळं माहीत होतं, पण सुटं सुटं. त्याने पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढलं आणि आम्ही दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो. पुढे त्याची वही झाली.

तपासण्या भराभर झाल्या. सीटी स्कॅन, मग एंडोस्कोपीच्या नळीतूनच अल्ट्रासाऊंड करून सुईने घेतलेला तुकडा, मग ईआरसीपी, म्हणजे एंडोस्कोपीनेच पित्तनलिकेपर्यंत पोचून, तिथे स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात होती आणि शेजारच्या मोठ्या शिरेला टेकलेली होती. डॉक्टर त्याला ‘बॉर्डरलाइन’ म्हणाले. म्हणजे लगेच कापता येत नाही आणि सोडूनही द्यायची नाही. आधी आठ सायकल, म्हणजे आठ फेऱ्या, किमो, मग शस्त्रक्रिया, मग उरलेल्या चार.

किमो होती फॉलफिरिनॉक्स. दर चौदा दिवसांनी चार औषधं. त्यातलं शेवटचं ४६ तास चालतं, म्हणून छातीत त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला (औषध शिरेत द्यायच्या जागेला) एक छोटा पंप जोडून घरी पाठवतात. माझ्या पंपात प्लास्टिकच्या बाटलीत एक फुगा होता. औषध जात जाईल तसा तो बारीक होत जायचा. त्याचा आवाज नाही, दिवा नाही. पहिल्या रात्री दोन वाजता जाग आली तर नवरा मोबाइलचा उजेड हातात झाकून त्या फुग्याकडे बघत होता. मी डोळे मिटून पडून राहिले. पुढच्या सायकलला त्याने नर्सला विचारून घेतलं, की फुगा किती तासांनी साधारण केवढा दिसायला हवा. ते वहीत उतरवलं आणि मग तो रात्री झोपायला लागला.

ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने थंडाव्याचा त्रास होतो हे सांगितलं होतं. पण नळाखाली हात धरल्यावर बोटांत टाचण्या घुसाव्यात तसं होईल, आणि थंड पाण्याच्या एका घोटाने घसा आवळल्यासारखा वाटेल, हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही. त्या संध्याकाळी त्याने फ्रीजच्या मुठीला जाड कापड गुंडाळून दोरा बांधला. काही बोलला नाही. ते कापड अजून तिथेच आहे.

आता सगळ्यात वाईट काळाबद्दल लिहिते, कारण मला वाटतं तेच सांगण्यासारखं आहे. तो किमोचा नव्हता. शस्त्रक्रियेनंतरचा होता.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा आणि बऱ्याचदा जठराचाही थोडा भाग काढतात आणि मग तीन ठिकाणी नव्याने जोडतात. माझी सात तास चालली. घरी आले तेव्हा वजन ४४ किलो. आणि मग रोज ताटावरून भांडण. तो ताट घेऊन यायचा, मी तीन घास खायचे, पोट गच्च. तो म्हणायचा, अजून दोन. मी खायचे आणि तासाभरात पोटात मुरडा, धावपळ. वजन उतरतच होतं. तो काटा बघून मुकाट्याने पुढचं ताट भरायचा. एका दुपारी मी ओरडले, “हे ताट उचल, नाहीतर मी उठून जाते.” त्याने उचललं. न्हाणीघरात नळ मोठा सोडून किती तरी वेळ बाहेर आला नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी त्याला असं कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञांना भेटलो. त्यांनी जेवणाबद्दल काही विचारायच्या आधी शौचाबद्दल विचारलं. तरंगतं का, तेलकट असतं का, भांड्याला चिकटतं का, वास उग्र आहे का? चारही हो. स्वादुपिंडाचे पाचक रस पुरेसे येत नव्हते, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागतच नव्हतं. एन्झाइमच्या कॅप्सूल मला दिलेल्या होत्या, पण मी जेवणाआधी अर्धा तास एक घेत होते, इतर गोळ्यांसारखी. त्या घ्यायच्या असतात पहिल्या घासाबरोबर, आणि जेवण लांबलं तर काही मध्यावर. पोटात अन्नाबरोबर मिसळल्या तरच काम करतात. मोठ्या जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम), मधल्या वेळच्या खाण्याला त्याच्या निम्मं, असं त्यांनी बसवून दिलं. चौथ्या दिवशी मुरडा थांबला. तीन आठवड्यांत सव्वा किलो वाढलं. इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांवर चिडत होतो आणि चूक एका कॅप्सूलच्या वेळेची होती.

तेव्हा ठरवलं, की ताट माझं. किती खायचं ते मी ठरवणार. त्याचं काम कॅप्सूलची डबी ताटाशेजारी ठेवायची आणि उठून जायचं. आधार म्हणजे काय, याचं माझं उत्तर तिथे बदललं. जे मला अजून करता येत होतं ते त्याने माझ्याकडून काढून घेतलं नाही, ही त्याची सगळ्यात मोठी मदत. लक्षात ठेवणं, फोन करणं, तारखा, रिपोर्ट, नातेवाईक, हे सगळं त्याने घेतलं. ठरवणं माझ्याकडे राहू दिलं.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं उत्तर देईन.

मृद्गंध

वाचून बराच वेळ तशीच बसले. ताटाचा प्रसंग आमच्याच घरातला वाटला. आईची शस्त्रक्रिया सहा आठवड्यांपूर्वी झाली, गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही. आता डॉक्टर सहा महिने किमो सांगताहेत. बाबांचं म्हणणं, गाठ निघाली ना, मग आणखी छळ कशाला? आई दोघांच्या मध्ये अडकली आहे. तुम्ही शस्त्रक्रियेनंतरच्या चार घ्यायच्या की नाही हे कसं ठरवलंत?

आभाळवेडी

मृद्गंध, मलाही नको होत्या. खरं सांगते, आठवी सायकल संपली तेव्हा बोटं इतकी बधिर होती की ब्लाउजची बटणं तोच लावायचा. डॉक्टरांनी सांगितलं की ऑक्सॅलिप्लॅटिन कमी करू, गरज पडली तर थांबवू, बाकीची औषधं चालू ठेवू. असं करता येतं हेच मला माहीत नव्हतं. घ्यायची किंवा नाही घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. शेवटच्या चारपैकी दोन कमी मात्रेने झाल्या. आईंना म्हणावं, ‘माझ्यासाठी मात्रा बदलता येईल का’ हे आधी विचारा.

बधिरपणा अजून थोडा आहे, पायांत जास्त. पण बटणं मी लावते आता.

शस्त्रवैद्य

मी याच विषयात काम करतो. इथे कुणाला थेट सल्ला देत नाही, फक्त माहिती देतो.

मृद्गंध, गाठ पूर्ण निघाली तरी सूक्ष्म पेशी रक्तातून आधीच निसटलेल्या असण्याची शक्यता या आजारात फार मोठी असते. किमो त्यांच्यासाठी. २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडातल्या रुग्णांवरचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना सुधारित फॉलफिरिनॉक्स दिलं त्यांचं मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ५४.४ महिने होतं, ज्यांना एकटं जेमसायटाबिन हे किमोचं औषध दिलं त्यांचं ३५ महिने. तो फरक लहान नाही. पण त्या अभ्यासात घेतलेले रुग्ण शस्त्रक्रियेतून नीट सावरलेले, हिंडतेफिरते होते. आईंची तब्येत तितकी सावरली नसेल तर सौम्य पर्याय आहेत. जेमसायटाबिनबरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या हा त्यातला एक, आणि तोही एकट्या जेमसायटाबिनपेक्षा सरस ठरला आहे. साधारण बारा आठवड्यांच्या आत सुरू करता आली तर ठीक, घाईपेक्षा सावरणं महत्त्वाचं. बाबांना पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा. त्यांचा प्रश्न योग्य आहे, तो डॉक्टरांसमोर विचारला गेला पाहिजे.

आणखी एक, सगळ्यांसाठी. स्वादुपिंडाचा नेहमीच्या प्रकारचा कॅन्सर निघाला की जनुकीय चाचणीबद्दल विचारा, घराण्यात कुणाला असो वा नसो. बीआरसीए किंवा पीएएलबी२ या जनुकांत जन्मजात दोष असेल तर प्लॅटिनमची औषधं जास्त लागू पडतात, पुढे ओलापारिबसारख्या गोळीचा विचार होऊ शकतो, आणि भावंडांनी, मुलांनी आपली तपासणी करून घ्यायची की नाही तेही कळतं.

कवडसा

आभाळवेडी, सीए १९-९ या रक्ततपासणीबद्दल थोडं लिहाल का? मामाचा ८०० आला आहे आणि सगळे हादरलेत. ३७ च्या आत हवा म्हणे.

आभाळवेडी

माझा कावीळ असताना १२०० होता. स्टेंट घातल्यावर, काहीही औषध न देता, दोन आठवड्यांत २६० झाला. पित्त अडलं की तो आकडा त्यानेही वर जातो. म्हणून कावीळ उतरल्यावरचा आकडा धरून चाला, असं आम्हाला सांगितलं होतं. पुढे काय ते शस्त्रवैद्य सांगतील.

शस्त्रवैद्य

बरोबर. शिवाय काही लोकांचं शरीर हा पदार्थ मुळात बनवतच नाही, शंभरात पाचदहा जण तरी. त्यांचा आकडा आजार असतानाही तळाशीच असतो. त्यामुळे एका आकड्यावर हसूही नका, रडूही नका. त्याच माणसाचा आकडा महिन्यामहिन्याने कुठल्या दिशेला जातोय ते बघायचं, आणि स्कॅनच्या जोडीने बघायचं.

झुळूक

इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. नवऱ्याला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. वय ५४. यकृतात पसरला आहे, शस्त्रक्रिया होणार नाही. परवापासून जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं, तीन आठवडे दर आठवड्याला आणि चौथा आठवडा मोकळा.

तो बोलत नाही. कुठे दुखतंय का विचारलं तर ‘ठीक आहे’. झोप लागली का, ‘लागली’. मला ऐकू येतं की तो रात्रभर कुशी बदलतोय. मी काही विचारायला गेले की टीव्हीचा आवाज वाढवतो. आभाळवेडीचं वाचून वाटलं, आमच्याकडे तर मदत घेणाराच दार लावून बसलाय. मी काय करू?

आभाळवेडी

झुळूक, आधी तुमच्याजवळ येऊन बसते असं समजा.

मीही बोलत नव्हते, पहिले दोन महिने. कारण सांगते. मी एक दुखणं सांगितलं की त्याचा चेहरा बदलायचा, आणि मग मला माझं दुखणं सोडून त्याचा चेहरा सांभाळावा लागायचा. तेवढी ताकद नव्हती. म्हणून ‘ठीक आहे’.

आमच्याकडे फरक पडला तो वहीने. ती त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी ठेवली, पेन आत घालून. तारीख, ताप, वजन, शौच किती वेळा, दुखणं शून्य ते दहा. मी येता जाता लिहायचे. तोंडाने सात म्हणायला जड जायचं, सात लिहायला नाही जात. तो वाचायचा, पण माझ्यासमोर नाही, आणि त्यावर बोलायचा नाही. डॉक्टरांकडे गेलो की वही त्यांच्यापुढे ठेवायचा.

आकडेवारीचंही तसंच ठरवून घेतलं होतं. मी चोरून वाचायचे, तोही चोरून वाचायचा. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा सर्व टप्पे मिळून पाच वर्षांचा १३ टक्क्यांचा आकडा आम्ही दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत वाचला होता आणि आठवडाभर एकमेकांपासून लपवला होता. मग ठरवलं, रविवारी सकाळी एक तास. त्या तासात काहीही विचारायचं, काहीही वाचायचं. मरणाबद्दलसुद्धा. तास संपला की मोबाइल बंद. पहिल्या रविवारी मी त्याला सांगितलं की मला शेवटी नळ्या लावून ठेवायचं नाही. तो म्हणाला, “लिहून ठेवू?” म्हटलं, लिही. त्याने लिहिलं, मी सही केली आणि त्या रात्री मी कित्येक दिवसांनी सलग झोपले.

चंद्रकोर

माझे वडील या आजाराने गेले, चार वर्षं झाली. अकरा महिने मिळाले. झुळूक, मला तुमच्यासाठी दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली वेदनेची. बाबांना पोटातून आरपार पाठीत जाणारी कळ यायची, आडवं पडलं की जास्त, पुढे वाकून बसलं की कमी. ते रात्री खुर्चीत उशी पोटाशी धरून बसायचे. आम्ही मॉर्फीनला घाबरलो, सवय लागेल म्हणून. त्या भीतीपायी बाबांचे सहा आठवडे खुर्चीत गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर उपशामक, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, उपचारांच्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी मॉर्फीन थोडं थोडं वाढवत बसवलं, सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फीनने बद्धकोष्ठ ठरलेलं. पुढे सिलिॲक प्लेक्सस ब्लॉक केला. तिथल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात सुईने औषध सोडतात. त्यानंतर बाबा पलंगावर आडवे झोपले. उपशामक म्हणजे शेवटचे दिवस, असं आम्हाला वाटायचं. पहिल्या महिन्यातच त्यांच्याकडे जायला हवं होतं. किमो चालू असतानाही जाता येतं.

दुसरी गोष्ट पायाची. या आजारात रक्ताच्या गुठळ्या फार होतात. एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा एकाएकी दम लागला तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

आभाळवेडी

चंद्रकोर, हे लिहिलंत ते फार बरं झालं.

त्याला जोडून तापाचं सांगते. तिसऱ्या सायकलच्या नवव्या दिवशी रात्री दहाला मला हुडहुडी भरली, ताप १०१. मी म्हटलं सकाळी बघू. नवऱ्याने फोन केला. पलीकडे जे कुणी होते ते म्हणाले, पॅरासिटामॉल द्या, उद्या ओपीडीत आणा. त्याने वही उघडून वाचून दाखवलं: किमो होऊन नऊ दिवस, पित्तनलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, थंडी वाजून ताप. पलीकडून पुन्हा तेच उत्तर. तो वाद घालत बसला नाही, गाडी काढली आणि आम्ही थेट तातडीच्या विभागात गेलो. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या आणि स्टेंट तुंबून पित्तात जंतुसंसर्ग झाला होता. रात्रीतच अँटिबायोटिक सुरू झालं, पुढे स्टेंट बदलून धातूचा घातला. सकाळपर्यंत थांबले असते तर हे लिहायला नसते, असं तिथल्या डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं.

किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट म्हणजे ताप. रात्र असो, सण असो, निघायचं.

एकटा_प्रवासी

सगळं वाचतो आहे, मनापासून वाचतो आहे. पण एक बोलू का? मी ६१ वर्षांचा, लग्न केलेलं नाही. याच आजाराची दुसरी सायकल चालू आहे. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, ‘सोबत कोण आहे?’ कुठेतरी वाचलं की लग्न झालेले कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात. ते वाचल्यापासून मन बसलं आहे. नवऱ्याची वही छान आहे, पण माझ्या टेबलावर वही ठेवायला दुसरं कुणी नाही.

शस्त्रवैद्य

तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास असावा. सात लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. त्यात दिसलं ते असं: विवाहितांचा आजार तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडत होता आणि त्यांना पूर्ण उपचार मिळण्याचं प्रमाण जास्त होतं. कारण काय, हे असा अभ्यास सिद्ध करत नाही. पण रोज दवाखान्यात बघतो त्यावरून सांगतो. कुणीतरी डोळ्यांचा पिवळेपणा बघितला, कुणीतरी रात्री फोन केला, कुणीतरी पुढची तारीख चुकू दिली नाही. ही कामं आहेत. ती करायला जोडीदारच लागतो असं नाही. माझ्या रुग्णांत शेजारी, भाची, जुना सहकारी, यांनी ती उत्तम केलेली मी पाहिली आहेत.

आभाळवेडी

एकटा_प्रवासी, हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागला याचं मला वाईट वाटलं. लिहिताना तुमचा विचार माझ्या मनात यायला हवा होता.

कामं वाटून द्या, असं मी म्हणेन. एकाच माणसाकडे सगळं मागायला संकोच होतो, एक काम मागायला होत नाही. किमोच्या दिवशी सोबत एकाने यायचं. रात्री ताप आला तर कुणाला उठवायचं तो दुसरा, जवळ राहणारा, गाडी असलेला. डॉक्टरांच्या भेटीत बाजूला बसून लिहून घेणारा तिसरा. पंप असेल तर त्या दोन रात्री कुणीतरी घरी झोपायला येईल असं बघा. आणि रोज सकाळी नऊला एक मेसेज. तुमच्याकडून साडेनऊपर्यंत उत्तर आलं नाही तर समोरच्याने फोन करायचा. तो मेसेज मी घ्यायला तयार आहे. खरंच म्हणते आहे, मला वेगळा मेसेज करा.

एकटा_प्रवासी

करतो. जवळ राहणारा, गाडी असलेला एक आहे. कधी मागितलं नव्हतं त्याच्याकडे काही. आज विचारून बघतो.

वहीवाला

नमस्कार. मी आभाळवेडीचा नवरा. हा आयडी आत्ताच घेतला. तिने धागा वाचायला दिला, म्हणाली तुझ्या बाजूचं तूच लिही.

तिने माझ्या चुका फारशा लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहितो. पहिल्या तीनचार भेटींत डॉक्टर तिला विचारायचे आणि उत्तर मी द्यायचो. ‘झोप?’ ‘लागते तिला.’ ‘भूक?’ ‘कमी आहे.’ एकदा डॉक्टरांनी खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि तिला विचारलं. मला राग आला होता. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, आज मी पहिल्यांदा पेशंट होते. त्यानंतर मी डॉक्टरांसमोर तोंड उघडायचो ते फक्त तिने ‘हे सांग’ म्हटल्यावर.

दुसरी चूक, तिला न विचारता माझ्या भावंडांना सगळं सांगितलं. रोज वीस फोन, रोज नवा उपाय. ती दमून जायची. मग तिने ठरवलेल्या चारच जणांना मी आठवड्यातून एकदा लिहून पाठवायचो, बाकीच्यांनी त्यांना विचारायचं.

आणि माझं स्वतःचं. मी तिच्यासमोर रडलो नाही हे खरं आहे. वाहनतळावर गाडीत बसून रडायचो, तिची किमो वर चालू असताना. एकदा शेजारच्या गाडीतही एक माणूस तसाच बसलेला दिसला. आम्ही एकमेकांकडे बघितलं, बोललो नाही. पाचव्या सायकलपर्यंत माझं वजनही सहा किलो उतरलं होतं आणि मी बीपीची गोळी तीन आठवडे घेतली नव्हती. तिनेच ते वहीत पकडलं. तिच्या रकान्याशेजारी तिने माझ्या नावाचा रकाना आखला आणि म्हणाली, तुझंही लिही. मग मी लिहायला लागलो. गुरुवारी संध्याकाळी तिची मैत्रीण येऊन बसायची आणि मी दोन तास चालायला जायचो.

झुळूकताई, वहीत तुमचाही रकाना ठेवा. आणि खरं लिहा. तो वाचेल.

झुळूक

बारा दिवसांनी लिहिते आहे. दुसरा आठवडा झाला किमोचा.

वही आणली, टेबलावर ठेवली. वहीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन रकाने आखले. आठ दिवस त्याचा कोराच. माझ्यात मी लिहीत होते: झोप तीन तास, डोकं दुखतं, भीती वाटते. पहिल्या दिवशी ‘भीती’ लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं.

काल सकाळी उठले तर त्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, रात्री दिवा न लावता लिहिलेलं असावं. ‘खाज. चार रात्री. हिला सांगितलं नाही. लघवी पुन्हा गडद.’ आणि खाली, माझ्या ‘भीती’समोर, ‘मलापण.’

आम्ही त्यावर अजून बोललो नाही. टीव्ही मात्र काल लागला नाही.

आभाळवेडी

झुळूक, खाज आणि गडद लघवी म्हणजे पित्त अडत असेल, स्टेंट असला तर तो तुंबत असेल. पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, आजच फोन करा. वही समोर धरा आणि त्याने लिहिलंय तसं वाचून दाखवा. ताप आहे का, आत्ता मोजा.

झुळूक

९९.२. फोन केला. तोच बोलला. निघतोय.